घरच्या मैदानावर मुलींचा फुटबॉल: आवाज कोण करणार?

सराफ्याची_सई

मंडळी, हा धागा लेकीच्या एका प्रश्नामुळे काढतेय.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री हरमनप्रीतच्या संघाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि अर्ध्या इंदूरसारखे आम्हीही राजवाड्यावर गेलो. तिरंगे, हॉर्न, बापांच्या खांद्यावर बसलेली पोरं. माझी लेक तेरा वर्षांची आहे, फुटबॉल खेळते, गोलकीपर आहे. परतताना स्कूटरवर मागून म्हणाली, "आई, फुटबॉलच्या मुली जिंकल्या तर लोक असे येतील का?" मी "येतील की" म्हटलं. घरी पोचेपर्यंत ती काही बोलली नाही. माझ्या आवाजावरून तिला कळलं असावं.

तिने हे उगीच विचारलेलं नाही. ज्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये हा क्रिकेटचा अंतिम सामना झाला, तिथेच ३० ऑक्टोबर २०२२ ला मुलींच्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाची फायनल होती. स्पेन विरुद्ध कोलंबिया. नणंद नेरूळला राहते म्हणून आम्ही गेलो होतो, तेव्हा लेक दहा वर्षांची. स्पर्धा आपल्या देशात, पण आपला संघ गटातच बाहेर पडलेला: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. तरी लोक आले होते. आमच्या मागे एका शाळेच्या मुली होत्या. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी कोलंबियाला आपलंसं करून टाकलं, कारण काय, तर पिवळा रंग आवडला. शेवटच्या दहा मिनिटांत कोलंबियाच्या बचावपटूकडून स्वतःच्याच जाळ्यात बॉल गेला आणि त्या पोरी रडायला लागल्या. ज्या देशाचं नाव त्यांनी त्या दुपारपर्यंत कदाचित फक्त भूगोलात वाचलं असेल, त्याच्यासाठी. माझी लेक त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, मला गोलकीपर व्हायचंय.

म्हणून विचारते. घरच्या महिला स्पर्धेत वातावरण तयार कोण करतं? आपला संघ जिंकत असला तरच लोक येतात का? उद्या इंदूरला अशी स्पर्धा आली तर स्टँडमध्ये कोण बसलेलं असेल?

पोहे_जीरावन

पहिला नंबर माझा! मी बसलेला असेन. सोबत शेवेची पुडी.

भिया_इंदूरी

सईताई, खरं बोलू? लोक जिंकणाऱ्याकडे जातात. होळकर स्टेडियमवर १९ ऑक्टोबरला भारत-इंग्लंड मॅच होती. दिवाळी तोंडावर, घरात फराळाची गडबड, तरी आम्ही गेलो. इंग्लंड २८८, आपण २८४. चार धावांनी हरलो. स्मृती ८८ वर बाद झाली तेव्हा पूर्ण स्टँड एकदम गप्प. तसं गप्प व्हायला सुद्धा आधी जीव गुंतावा लागतो, आणि जीव गुंतायला स्मृती कोण, दीप्ती कोण हे माहीत असावं लागतं. फुटबॉलच्या मुलींपैकी दहा जणींची नावं इथे कोण सांगेल? मी स्वतः सांगू शकणार नाही.

महूकर

मी सांगतो. मनीषा कल्याण, संगीता बासफोर, आशालता देवी, बाला देवी, ग्रेस डांगमेई, अदिती चौहान, प्यारी खाखा, अंजू तमांग, पंथोई चानू, स्वीटी देवी. झाल्या दहा.

संगीता बासफोर लक्षात ठेवा. ५ जुलै २०२५ ला चियांग माईला थायलंडविरुद्ध दोन्ही गोल तिचे. २-१ ने जिंकून आपण महिला फुटबॉलच्या आशियाई चषक स्पर्धेत गेलो, आणि पात्रता फेरी खेळून मिळवलेलं हे आपलं पहिलंच तिकीट. थायलंड त्यांच्या घरच्या मैदानावर, त्यांच्या लोकांसमोर हरलं. त्या रात्री मी महूच्या घरी एकटा टाळ्या वाजवत होतो.

महू छावणीचं गाव. इथे लहानपणापासून फुटबॉल पाहिला. बायका मैदानाच्या कडेला आल्या की खेळाडू शिव्या कमी द्यायचे, एवढाच काय तो महिलांचा आणि फुटबॉलचा संबंध तेव्हा होता.

बर्नवासी

इंदूरचा, गेली नऊ वर्षं बर्नमध्ये. मोठा प्रतिसाद होईल, सांभाळून घ्या.

यंदा जुलैमध्ये महिला युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, स्वित्झर्लंडमध्ये होती. स्विस संघ काही मोठ्या दावेदारांत नव्हता. पहिलीच मॅच बासेलला नॉर्वेकडून १-२ हरले. सईताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं, कारण त्या हरण्यानंतर गर्दी वाढत गेली. आइसलँडला हरवलं. मग जिनिव्हाला फिनलंडविरुद्ध भरपाई वेळेत जेमायलीने बरोबरीचा गोल केला आणि संघ पुढच्या फेरीत गेला. त्या रात्री आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या शेजारीणबाई जिन्यात उभ्या राहून ओरडत होत्या. नऊ वर्षांत मी त्यांच्या तोंडून नमस्कारापलीकडे शब्द ऐकला नव्हता.

१८ जुलैला बर्नमध्ये उपांत्यपूर्व सामना, समोर जगज्जेता स्पेन. त्याआधी शहरातून स्टेडियमपर्यंत चाहत्यांची पदयात्रा निघाली, चौदा हजारांहून जास्त लोक. मी बायको-मुलीला घेऊन त्यात चाललो. लाल शर्ट, गाईच्या गळ्यातल्या घंटा, "हॉप श्वीत्स" च्या आरोळ्या, बाबागाड्या, काठी टेकत चालणाऱ्या आज्या. मला काय आठवलं सांगू? आपली रंगपंचमीची गेर, रंग उधळत निघणारी इंदूरची मिरवणूक. रंग नव्हता, टँकर नव्हते, पण चालण्याची लय तीच: कुणालाही पोचायची घाई नाही, पोचण्यापेक्षा चालणंच मोठं.

फरक एकच, आणि तो मला टोचला. आमच्या घरच्या बायकांनी गेर नेहमी गच्चीवरून पाहिली. इथे माझी मुलगी रस्त्याच्या मधोमध होती.

स्विस ०-२ हरले. मॅच संपल्यावर स्पेनच्या मुलींनी दोन रांगा करून टाळ्या वाजवत त्यांना वाट करून दिली. लोक हलले नाहीत, बराच वेळ. पूर्ण स्पर्धेला ६,५७,२९१ प्रेक्षक आले, महिला युरोचा विक्रम. आणि एक व्यवहाराची गोष्ट: मॅचच्या तिकिटातच ट्रेन-बसचा प्रवास धरलेला होता. लहान पोर घेऊन रात्री अकराला परतायचं तर ही गोष्ट घोषणांपेक्षा मोठी.

पोहे_जीरावन

गाईच्या घंटा! म्हणजे इंदूरला आपण पोळ्याचे घुंगरू आणायचे. बैल घरी ठेवून.

तिरपी_मान

सगळं छान चाललंय, पण मला एक खटकतं. महिलांच्या मॅचचं कौतुक करताना आपण लगेच "किती सभ्य प्रेक्षक, किती घरगुती वातावरण" म्हणायला लागतो. जणू ती सहलच. खेळ म्हणून तो का बघत नाही? चिडणं, गोल हुकल्यावर डोकं धरणं, पंचावर ओरडणं हे सगळं त्यात आलं पाहिजे. आणि सभ्य म्हणाल, तर याच युरोमध्ये इंग्लंडच्या जेस कार्टरला स्पर्धा सुरू झाल्यापासून ऑनलाइन वर्णद्वेषी शिव्या येत होत्या. तिला ते जाहीर करावं लागलं. स्टँडमध्ये घंटा वाजवणारे लोक वेगळे आणि फोनवर विष ओतणारे वेगळे, असं मानून मोकळं होता येत नाही.

बर्नवासी

तिरपी_मान, कार्टरबद्दल पूर्ण सहमत. पण "सहल" शब्दाशी नाही. त्या आज्या पंचावर भरपूर ओरडत होत्या, स्विस जर्मनमध्ये. अर्थ इथे लिहीत नाही.

रंकाळा

मी कोल्हापूरची, लग्न होऊन इंदुरात आले त्याला अकरा वर्षं झाली. फुटबॉलच्या धाग्यावर कोल्हापूर आलं नाही तर पाप लागेल.

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. तुम्ही संघ निवडत नाही. ज्या पेठेत जन्मलात तो तुमचा संघ. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं अर्धी बंद. आजोबांचा संघ, वडिलांचा संघ, भावाचा संघ.

माझा संघ म्हणाल तर मी गच्चीवरून ऐकला. वडील भावाला घेऊन जायचे. मी विचारलं की "मुलींचं तिथं काय काम?" ते रागावून म्हणायचे नाहीत, समजुतीने म्हणायचे, आणि ते जास्त लागायचं. गोल झाला की पेठेत फटाका वाजायचा. त्या फटाक्यावरून मी स्कोअर मोजायचे. भाऊ घरी आला की आधी मीच त्याला स्कोअर सांगायचे.

भियाचं "लोक जिंकणाऱ्याकडे जातात" हे म्हणूनच मला पटत नाही. आमच्या पेठेचा संघ वर्षानुवर्षं हरायचा आणि गॅलरी भरलेलीच. लोक "आपल्या" माणसाकडे जातात. प्रश्न इतकाच आहे की मुलींचा संघ कुणाचा "आपला" आहे?

आजोबा_तुकोगंज

रंकाळाताईंनी माझ्या मनातलं लिहिलं. वय ७४. इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे गिरण्यांचे मिरवणुकीतले देखावे, लहानपणापासून पाहतोय. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, तरी झांक्या निघतातच आणि लोक रात्रभर रस्त्याच्या कडेला उभे असतात. का? कारण कुणाचे वडील त्या गिरणीत होते. माझे काका मालवा मिलमध्ये होते. मिल गेली, पण तिची झांकी आली की मी आजही उठून उभा राहतो.

आणि त्याच मिरवणुकीत आखाड्याच्या मुली लाठी फिरवतात, पट्टा फिरवतात. लोक शिट्ट्या मारत नाहीत, वाट मोकळी करून देतात, कारण त्या आखाड्याच्या मुली आहेत, उस्ताद सोबत आहे, मोहल्ला सोबत आहे. म्हणजे या गावाला मुलींचा पराक्रम रस्त्यावर उभं राहून बघता येतो. येत नाही असं नाही.

मेलबर्नची_मेधा

सासर इंदूर, नोकरी मेलबर्न. २०२३ चा महिला फुटबॉल विश्वचषक इथे आणि न्यूझीलंडमध्ये झाला. एकूण १९,७८,२७४ प्रेक्षक. ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया-फ्रान्स पेनल्टी शूटआउट वीस किकपर्यंत गेलं आणि शेवटची किक कोर्टनी व्हाइनने मारली. मी फेडरेशन स्क्वेअरला मोठ्या पडद्यासमोर होते. ओळखीपाळखीची माणसं नव्हती, तरी ती किक आत गेल्यावर एका सरदारजींनी मला मिठी मारली आणि मग दोघंही "सॉरी सॉरी" करत हसलो.

सेमीफायनलला सिडनीत ७५,७८४ लोक, आणि ऑस्ट्रेलिया इंग्लंडकडून १-३ हरलं. ऑस्ट्रेलियाच्या सॅम केरचा लांबून मारलेला गोल मात्र इथे अजून लोक बोलून दाखवतात.

सईताई, तुमच्या लेकीला सांगा: तिने नवी मुंबईत जी लिंडा कायसेडो पाहिली, ती पुढच्याच वर्षी कोलंबियाच्या मोठ्या संघातून सिडनीत जर्मनीविरुद्ध गोल करत होती. आणि स्पेनची विकी लोपेझ यंदाच्या युरोत.

सराफ्याची_सई

मेधा, हे तिला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कायसेडोला मी ओरडून हाक मारली होती, तिने बघितलं होतं." बघितलं असेलच.

भिया_इंदूरी

रंकाळाताई, हार मानतो. पण "आपलं" असणं हवेतून येत नाही. क्रांती गौड छत्तरपूर जिल्ह्यातल्या घुवाऱ्याची, ती खेळायला लागली तेव्हा मध्य प्रदेशात लोकांना महिला क्रिकेट एकदम जवळचं वाटलं. फुटबॉलमध्ये ते कसं व्हायचं?

महूकर

झारखंडात झालंय. २०२२ च्या त्या १७ वर्षांखालील संघाची कर्णधार आस्टम ओरांव गुमला जिल्ह्यातली, आईवडील मजुरी करणारे. स्पर्धेच्या वेळी तिच्या गावाकडे जाणारा रस्ता करायला घेतला आणि त्याच कामावर तिचे आईवडील मजूर होते. भुवनेश्वरला त्या मुली आठ गोल खात होत्या तेव्हा मी टीव्हीसमोर बसून एकच विचार करत होतो: सोळा वर्षांची पोर, घरचं मैदान, पूर्ण देश बघतोय, आणि तिला पुढचे पन्नास मिनिटं धावायचंच आहे. प्रेक्षक तेव्हा टाळ्या वाजवत होते. घरच्या प्रेक्षकांचं खरं काम तेच.

आणि जानेवारी २०२२ ची आशियाई चषक स्पर्धा आठवा. तीही आपल्या देशात, मुंबई-नवी मुंबई-पुणे. कोरोनामुळे स्टँड रिकामे. इराणशी ०-० बरोबरी झाली, मग संघातल्याच इतक्या जणी आजारी पडल्या की तैवानविरुद्ध संघ उभा करता आला नाही आणि आपण स्पर्धेबाहेर. घरची स्पर्धा, घरचे लोक नाहीत आणि शेवटी घरचा संघही नाही. त्या मुलींना आपण एक आवाज देणं लागतो.

तिरपी_मान

महूकर, हे वाचून गलबललं.

थोडं व्यवहाराचं बोलते. गेल्या वर्षी एका शहरात (नाव नको) मुलींची आंतरजिल्हा मॅच बघायला गेले. बायकांसाठी स्वच्छतागृह एक, त्याला कुलूप, किल्ली चौकीदाराकडे, चौकीदार जेवायला. मी, माझी वहिनी आणि दोन खेळाडूंच्या आया मध्यंतरात शेजारच्या दवाखान्यात विनंती करून आलो. वातावरण वातावरण म्हणतो आपण, पण बाई दोन तास मैदानावर बसू शकते की नाही ते इथे ठरतं.

आणि दुसरं, इंदूरबद्दलच. याच ऑक्टोबरमध्ये क्रिकेट विश्वचषकासाठी आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडूंची आपल्या रस्त्यावर छेड काढली गेली. आरोपी पकडला गेला. पण दोन दिवसांनी त्याच संघाची अलाना किंग होळकर स्टेडियमवर १८ धावांत ७ बळी घेत होती आणि मला टाळ्या वाजवताना मान वर करवत नव्हती. स्वच्छतेत पहिला नंबर घेणारं आपलं शहर, पाहुण्या मुली सकाळी चालत निघाल्या तर त्यांना सुखरूप परत आणणारं हवं.

आजोबा_तुकोगंज

अहिल्याबाईंचं नाव घेणारं गाव आहे हे. मलाही त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रंकाळा

स्वच्छतागृहाचं शंभर टक्के खरं.

अवांतर आहे पण सांगते. इंग्लंडमध्ये १९२० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी डिक कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाची मॅच बघायला लिव्हरपूलला गुडिसन पार्कमध्ये ५३,००० लोक आले होते. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली. ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. म्हणजे "बायकांच्या फुटबॉलला लोक येत नाहीत" हे खोटं आहे. लोक आले होते. मैदानच बंद केलं. मग २०२२ च्या युरो फायनलला वेम्बलीत ८७,१९२ आले, ते काही आकाशातून पडले नाहीत.

आणि आपल्याकडे राज्यांच्या महिला संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या चषकाचं नाव काय आहे माहितीय? राजमाता जिजाबाई चषक. मराठी माणसाला यापेक्षा "आपलं" आणखी काय हवं? पण माझ्या माहेरीसुद्धा हे ठाऊक असलेले किती निघतील?

पोहे_जीरावन

मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच वाचलं. चषकाच्या नावानेच अंगावर काटा आला.

भिया_इंदूरी

मलाही नव्हतं. बरं, येत्या मार्चमध्ये (२०२६) ऑस्ट्रेलियात आशियाई चषक स्पर्धा. आपल्या गटात जपान, व्हिएतनाम, तैवान. मेधाताई, तुम्ही स्टँडमध्ये असाल ना?

मेलबर्नची_मेधा

मॅच पर्थला असो की सिडनीला, तिकीट काढणार. तिरंगा इंदूरहून मागवलाय, सासूबाई मोठा पाठवणार आहेत.

सराफ्याची_सई

सगळे प्रतिसाद वाचले, लेकीनेही वाचले. कोल्हापूरच्या फटाक्यांचा तिने दोनदा वाचला.

मी प्रश्न मोठा विचारला होता: इंदूरला स्पर्धा आली तर. पण रंकाळाताईंचं "कुणाचा आपला" डोक्यातून जाईना. मग लक्षात आलं, लेकीच्या संघाच्या मॅचला मी आजवर एकटीच आई म्हणून उभी असते. आणखी तीन-चार पालक येतात, ते गाडीत बसून फोन बघतात. मी पण कधी ओरडले नाही. लोक काय म्हणतील म्हणून. टाळ्या वाजवते, त्याही हळू.

या रविवारी सकाळी साडेसातला त्यांची चौदा वर्षांखालची मॅच आहे. मैदान कुठलं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, मुलींची नावं-गावं इथे नकोत. जे इंदुरात आहेत त्यांनी यावं ही मनापासून विनंती. समोरचा संघ चांगला आहे, आमच्या मुली बहुतेक हरतील.

आजोबा_तुकोगंज

येतो. घडीची खुर्ची घेऊन येतो.

रंकाळा

मी आणि माझी दोन्ही मुलं. मोठ्याला सांगितलंय, बहिणीला पुढे उभी करायची, तू मागे.

तिरपी_मान

येते. तिथल्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते ते आधी विचारून ठेवा.

सराफ्याची_सई

विचारलं. शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे मिळणार आहे.

महूकर

महूहून पहिल्या बसने निघतो. मुलींची नावं आणि जर्सी नंबर व्यनि करा, पाठ करून येईन. नावाने हाक मारली की खेळाडूला वेगळंच बळ येतं.

पोहे_जीरावन

पोहे माझ्याकडे, पंचवीस प्लेट धरून चालतो. समोरच्या संघालाही देऊ. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा ढोल मोकळा आहे, आणू का?

सराफ्याची_सई

लेकीला विचारलं. ती म्हणते आणा, पण पहिल्या हाफमध्ये गोलच्या मागे उभे राहू नका, तिला बचावातल्या मुलींना ओरडून सांगायचं असतं, ते ऐकू जात नाही. मधल्या रेषेपाशी उभे राहा. दुसऱ्या हाफमध्ये कुठेही वाजवा.